विलायतेच्या सफरचंदांना ताण

पांढुर्णा
१० सप्टेंबर १९५६

अलकाबाईसाहेब,

तिगाव स्टेशनचे माजी असिस्टंट स्टेशनमास्तर आणि तुमचे एकुलते एक मामा यांचा हात इथूनच तुमच्या डोक्यावर ठेवला आहे, असं समजा.

तुझ्या आईचं, कलाताईचं पत्र आलं. लिहिते, पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, दोन घास खाल्ले की ताट सरकवते, कोणाशी बोलत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढलं, सुया सुरू केल्या, पडून राहा म्हणाले, मोठ्यानं बोलू नको म्हणाले. मान्य आहे. पण भिंतीकडे पाहत राहा असं तर कोणी म्हणालं नाही न? काय आहे बाप्पा त्या भिंतीत?

आता माझं ऐक. नोकरीतून सुटल्यावर मी रेडिओ घेतला. मामी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच भजनं लावून बसली. दर रविवारी संध्याकाळी लंडनचं स्टेशन लागते. खरखर इतकी, जसं कोणी मुरमुरे भाजून राहिलं. पण त्या खरखरीत एक नाटक असते. पुरं एका दिवशी नाही, दर रविवारी एक भाग. गोऱ्या ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकून इंग्रजी शिकलेला माणूस मी, मला सगळं समजते.

काल पहिला भाग झाला. समुद्राकाठी एक गाव. तिथे एलन नावाची तुझ्या वयाची पोरगी आणि तिचा म्हातारा बाप राहतात. भाऊ जहाजावर गेला, त्याची कितीतरी दिवसांत खबर नाही. शेजारी एक पार्करबाई आहे. हातात केक आणि तोंडात गावभरच्या बातम्या घेऊन येते, आपल्या गल्लीत शोभली असती. तर काल असं झालं की बाहेर वादळ, दिवा विझलेला, आणि दारावर थाप पडली. बाप उठला, कडी काढली, आणि भाग संपला! वाजंत्री वाजली! मी रेडिओला दोन शब्द बोललो, ते इथे लिहीत नाही.

मी फुकट सांगणार नाही. नाटकाच्या बदल्यात तू मला तुझ्या कादंबऱ्या सांगायच्या. आयुष्यभर टाईमटेबल वाचलं मी, आता जरा दुसरं काही वाचावं म्हणतो.

तुझा
मोरेश्वरमामा


सौंसर
१९ सप्टेंबर १९५६

मामा,

नमस्कार. पडूनच लिहून राहिली आहे, अक्षर वाकडं येईल.

मला आता कादंबऱ्यांत गोडी राहिली नाही. तुम्ही विचारलं म्हणून सांगते. आजारी पडल्यापासून माझ्या मैत्रिणीनं, जयश्रीनं वाचनालयातून जितक्या आणून दिल्या तितक्या वाचल्या आणि त्यांतून एकच समजलं. कादंबरीत पोरीला खोकला आला की ती गेली. लेखक आधी एक पांढरा रुमाल आणतो. मग खोकला. मग तो हुशार डॉक्टर, ज्याचं तिच्यावर प्रेम असते. मग शेवटचं पान. एकही पोरगी वाचली नाही, मामा. एकही नाही. माझ्या उशाशीसुद्धा पांढरा रुमाल आहे. आईला म्हटलं रंगीत दे, तर ती रडायला लागली.

म्हणून भिंतीकडे पाहते. भिंतीत काही नाही, तेच बरं वाटते.

एलनला खोकला आहे का, तेवढं कळवा. असला तर पुढचं सांगू नका.

अलका

ता. क. दारात कोण होतं?


पांढुर्णा
१ ऑक्टोबर १९५६

अगं माझ्या भिंतीच्या राणी,

खोटं बोलणार नाही. एलनला खोकला आहे. दुसऱ्या भागातच लागला. पण ऐक तर. दारात एक खलाशी होता. तो सांगतो, तुमचा भाऊ जिवंत आहे, दूरच्या बंदरात इस्पितळात पडला आहे, पाय मोडला आहे, पण येईल. आता ही एलन खोकत खोकत काय म्हणते? म्हणते, तो येईपर्यंत मला काही होणार नाही, मला वेळ नाही! वा! मी इथे टाळी वाजवली, मामी चुलीपासून धावत आली.

रुमालाचं नाव अजून कोणी काढलं नाही. डॉक्टर आहे, पण टक्कल पडलेला आहे आणि त्याला सहा पोरं आहेत. तेव्हा ती भीती नाही.

एक गंमत सांगतो. नाटक संपल्यावर तो सांगणारा म्हणतो की तिकडे काही लोकांच्या घरी आता एक डबा असते, त्यात नाटकाची माणसं चालता-बोलताना दिसतात. घरी बसून! मामी म्हणते, बरं झालं इकडे नाही आलं, तुम्ही जेवायलासुद्धा उठले नसते.

आता माझी मजुरी टाक. तुझी सगळ्यात आवडती कादंबरी कोणती? खोकल्याचं पुराण नको, आवडते का ते सांग.

मोरेश्वरमामा


सौंसर
१७ ऑक्टोबर १९५६

मामा,

एलनचं ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं. दबक्या आवाजातच, डॉक्टरांची आज्ञा. आई म्हणे, शहाणी पोरगी आहे. आणि त्या दिवशी मी अख्खी भाकर खाल्ली, म्हणून आईनं एलनच्या नावानं दिवा लावला. आता त्या विलायतेच्या देवाला कळलं तर ठीक.

डब्यातलं नाटक मला नको बा. चित्र समोर आलं तर मनात काय पाहायचं? माझ्या एलनचे केस लांब आहेत आणि ती लोधीखेड्याच्या काकूसारखी चालते. डब्यात दुसरीच कोणी निघाली तर मी भांडीन.

आवडती कादंबरी निळ्या पुठ्ठ्याची आहे, पहिली दोन पानं फाटलेली. त्यात मंदाकिनी नावाची पोरगी शिकण्यासाठी बापाशी भांडते. बाप म्हणतो, मी तुझं पुस्तक विहिरीत टाकीन. ती म्हणते, टाका, मला पाठ आहे! आणि तिथेच उभी राहून म्हणून दाखवते. तिच्यामुळेच तर मी मॅट्रिकला बसायचं म्हटलं होतं. पुढे ती पास होते आणि अर्ध्यावर तिलाही खोकला येतो. पण आता मी एक युक्ती केली आहे. अर्ध्यापर्यंत वाचते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझी मंदाकिनी मरतच नाही. अशी ती चारदा पास झाली.

मामा, ज्यांनी हे लिहिलं त्यांना एकदा भेटून विचारावं वाटते की काऊन मारलं तिला? तुमचं काय वाईट केलं होतं तिनं? रागच येते मला.

भाऊ आला का घरी?

अलका


पांढुर्णा
५ नोव्हेंबर १९५६

अलकाबाई,

तू रागावली, हे वाचून मला दिवाळीचा आनंद झाला. भिंतीवर कोणी रागावत नाही.

उशीर झाला, माफी. मध्ये राज्य बदललं न! नागपूर मुंबईकडे गेलं, आपण इकडेच राहिलो, आता म्हणे भोपाळ राजधानी. चौकात नत्थूजी तावातावानं बोलून राहिले होते, आता मराठीचं कसं, पोरांच्या शाळेचं कसं. मी मान हलवत होतो. सकाळी खिडकीतून पाहिलं, मद्रासची गाडी आपली टायमावर गेली. तिला कोणी सांगितलंच नसेल.

आता नाटक. भाऊ बोटीतून उतरला आणि गाडीत बसला. पण मध्ये सिंगल लाइन. तू म्हणशील त्याचं काय? अगं, सिंगल लाइनवर ड्रायव्हरच्या हातात गोळा दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. गोळा म्हणजे परवानगी, पुढची लाइन मोकळी आहे याची खूण. आणि पुढे मालगाडी उभी, तिच्या इंजिनात पाणी संपलेलं. तिथला स्टेशनमास्तर विल्सन, फार भला माणूस, कोणी त्याची कदर करत नाही, तो वादळात कंदील घेऊन स्वतः निघाला. सगळा भाग त्यातच गेला. भारी झाला!

एलन ठीक आहे. टकल्या डॉक्टरनं तिला सूप दिलं.

मामी म्हणते मी ऐकत नाही. लग्न झाल्यापासून तेच म्हणून राहिली आहे.

मोरेश्वरमामा


सौंसर
२६ नोव्हेंबर १९५६

मामा,

पुन्हा ताप आला. आठवडाभर उतरला नाही. बाबा डॉक्टरांना मोटारीनं घेऊन आले. ते बाहेर ओसरीवर बाबांशी हळू बोलले. हळू बोलले म्हणजे काय असते ते मला कादंबऱ्यांनी शिकवलं आहे.

तुमच्या नाटकात रेल्वे फार झाली. एलनबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली. मामा, तुम्ही लपवून राहिले. ती जाते न? जात असेल तर सांगून टाका. मला राग येणार नाही, पण असं ठेवू नका. मला फार भीती वाटते. आईसमोर म्हणत नाही, तुम्हाला म्हणून राहिली.

बाबांनी बागेचं पाणी तोडलं आहे. खिडकीतून संत्र्याची पानं सुकलेली दिसतात.

अलका


पांढुर्णा
२९ नोव्हेंबर १९५६

अलका, माझी बाय,

तुझं पत्र आज आलं आणि आजच लिहून राहिलो. काही लपवलं नाही. मागच्या रविवारचा भाग जशाचा तसा सांगतो, नीट वाच.

एलनला पुन्हा ताप आला. डॉक्टर हळू बोलला. हळू बोलला कारण त्याचा घसा बसला होता, सहा पोरांवर ओरडून ओरडून. एलन पलंगावर. खिडकीतून तिला पार्करबाईची सफरचंदाची बाग दिसते. आणि तिला दिसते की पार्करबाईनं झाडांचं पाणी बंद केलं. पानं सुकली, खाली पडून राहिली. एलन रडायला लागली. म्हणे, बाई, तुम्ही चांगली झाडं मारून राहिल्या. पार्करबाई केक खाली ठेवते, तिच्याजवळ बसते आणि म्हणते, "वेडी का तू? झाड मरून नाही राहिलं, थांबून राहिलं आहे. आता याला पाणी दिलं तर नुसता पाला वाढेल. जरा ताण पडू दे, मग पाणी सोडते, मग पाहा फांदी दिसणार नाही इतका फुलोरा येते. पाणी कधी सोडायचं ते मला ठाऊक आहे. तू फक्त पडून राहा आणि पाहत राहा."

मग भाऊ आला. पाय लंगडा, पण आला. तिच्या पलंगाशी बसला. वाजंत्री.

एलन जात नाही, अलके. मी सांगतो न. या मामाचा शब्द आहे. तू पुरतं जेव, सुया घे आणि ते पांढरे रुमाल मामीला पाठवून दे, ती पापड झाकायला वापरेल. रंगीत पाठवून राहिलो, चार.

तुझा मामा


सौंसर
२० जानेवारी १९५७

मामा,

पुष्कळ दिवसांनी लिहून राहिली. ताप गेला, या वेळी गेला तो आलाच नाही. आता मी उशीला टेकून बसते आणि पिवळा रुमाल वापरते. तुमचं पार्करबाईचं पत्र उशीखाली असते. घडीवर फाटलं आहे, पण मला पाठ आहे.

आता मला एक सांगा. विलायतेत सफरचंदाला ताण देतात?

मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. बाबा आधी डोळे पुसत होते, मग एकदम थांबले. म्हणे, "काय? ताण? अगं, तिकडे बारा महिने पाऊस पडते म्हणतात, ताण देतील कसा? झाडावर छत्री धरून?" आणि असे हसले, असे हसले की आई पाहायला आली. मामा, ही पार्करबाई आपल्या सौंसरची आहे हो! आणि तो विल्सन कोण आहे तेही मला समजलं. "फार भला माणूस, कोणी त्याची कदर करत नाही" म्हणे!

मी तेव्हा बाबांसोबत हसली. पण मग बाबा बहराचा शेवटचा माल घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनवर आले, तुमच्याकडे उतरले. घरी आल्यावर तुमचं नाव काढलं की उठून बागेत जायचे. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांनी तुम्हाला विचारलं, संत्र्याला मालगाडीचा डबा कधी मिळेल, तर तुम्ही म्हणाले, "हो, हो, दही चालते तिला, पण सकाळी द्या." रेडिओवर मामीनं मसाल्याची बरणी ठेवली आहे. आणि मामी चुलीपाशी रडली. म्हणे, दसऱ्यापासून यांचे कान गेले, एकाएकी, दोन्ही. कोणाला सांगू नका म्हणतात. विशेष करून अलकाला सांगू नका, तिचं नाटक बंद पडेल.

मला एक दिवस तुमचा फार राग आला. खोटंच सांगितलं मला, जसं लहान पोरीला सांगतात. मामाचा शब्द आहे म्हणे! लंडनमध्ये एलनचं काय झालं कोणाला माहीत. मी पत्रं काढली, फाडून टाकावी म्हणून. आणि फाडायच्या आधी एकदा वाचली. मामा, तुमचा विल्सन कंदील घेऊन वादळात निघाला आहे आणि त्याला काहीच ऐकू येत नाही, गाडी कुठून येऊन राहिली तेसुद्धा, तरी तो जाऊन राहिला. मग मी इतकी रडली की आई घाबरली. हे रडणं चांगलं होतं.

आज बाबांनी बागेला पाणी सोडलं. मी म्हटलं, मला पाहायचं आहे. पहिल्यांदा उठली, आईचा हात धरून ओसरीपर्यंत गेली. तिथून मातीत पाणी जाताना ऐकू येत होतं. तुमच्यासाठी ऐकून ठेवलं.

खरं लिहा आता.

तुमची अलका


पांढुर्णा
२८ जानेवारी १९५७

अलका,

भाऊजींना सांग, तोंडात तीळ भिजत नाही तुमच्या. आणि छत्रीचं बरं सुचलं त्यांना. माझ्या हे लक्षातच नाही आलं ग. मी आपला तुझ्या घरची बाग डोळ्यासमोर आणली, संत्री काढली, सफरचंदं लावली, पाऊस विसरलो.

खरं लिहितो. पहिले पाच भाग ऐकलेले आहेत. खलाशी खरा, मोडलेला पाय खरा, "मला वेळ नाही" हेही एलननंच म्हटलं. टक्कल तेवढं माझ्या मनचं. दसऱ्याच्या रविवारी रेडिओ लावला, दिवा लागला, खरखरसुद्धा आली नाही. मला वाटलं रेडिओ बिघडला. मामीला म्हटलं, बिघडला. ती काही बोलली. तिचे ओठ हलले. तेव्हा समजलं की रेडिओ चांगला आहे.

नागपूरला दाखवलं. ते म्हणाले, इंजिनाच्या शिट्ट्यांनी आधीच अर्धे गेले होते, बाकीचे आता गेले, परत येणार नाहीत. मी कोणाला सांगितलं नाही, लाज वाटली. चौकात लोक बोलतात, मी मान हलवतो. नको तिथे हसतो. लोकांना वाटते मोरेश्वरराव म्हातारपणी शिष्ट झाले. हळूहळू जाणंच सोडलं. खरं सांगू का, भिंतीकडे तोंड करून पडायची मलाही फार इच्छा होती. पण मग तुझं पत्र यायचं, दारात कोण होतं, भाऊ आला का. त्याला उत्तर तर द्यावं लागते न? रविवारी रेडिओचा दिवा लावून समोर बसायचो आणि विचार करायचो, आता एलनला कसं वाचवावं. आठवडा त्यातच जायचा. तुला वाटते मी तुला नाटक सांगितलं. तू विचारत नसती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

लंडनमध्ये तिचं काय झालं, मला माहीत नाही, खरंच नाही. तिकडे मेली असेल तर असेल. पण माझा शब्द सौंसरच्या एलनबद्दल होता.

शेवट उरला आहे. मला नाही सुचत. विल्सनला तर मी वादळात सोडून आलो, तो परत कसा येईल हे मला समजत नाही. तू लिही. कादंबऱ्या तू वाचल्या आहेत, रागावता तुला येते.

ऐकू येण्याचं म्हणशील तर उजव्या कानाला तोंड लावून कोणी पोटातून ओरडलं तर थोडं येते. मामीनं महिनाभर केलं, तिचा गळा बसला. आता पाटीवर लिहून दाखवते, मीठ संपलं, तेल संपलं. नाटकाचं काही लिहीत नाही.

तुझा मामा


सौंसर
२० फेब्रुवारी १९५७

मामा,

मी परवा नागपूरला जाऊन आली. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि हळू नाही बोलले, चांगले खणखणीत बोलले. म्हणे, पाणी नाही, डाग नाही. मॅट्रिकला पुढच्या वर्षी बसायचं. मी पहिलं विचारलं, "मोठ्यानं बोललं तर चालते का?" ते म्हणाले, "बोल, गाणं म्हण, भांडण कर, छाती मोकळी होईल." आईला वाटलं मी गाणं शिकायचं म्हणून राहिली.

बागेत फुलोरा आला आहे. वास इतका की खिडकी लावली तरी येते. पार्करबाईला सांगा.

शेवट लिहून झाला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा जमला. विल्सनला मी वादळातून परत आणलं आहे, तो कसा येतो ते तुम्हाला कधीच सुचलं नसतं. पण तो मी पोस्टानं पाठवणार नाही आणि कागद तुमच्या हातातही देणार नाही. तुम्ही वाचून टाकाल आणि मान हलवाल. येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं बाबांसोबत मी पांढुर्ण्याला येऊन राहिली आहे. नाटक रविवारीच असते न!

तुम्ही रेडिओसमोर बसायचं. मामीला म्हणा, बरणी काढून ठेवा. मी तुमच्या उजव्या कानाशी बसेन आणि पोटातून ओरडून सगळा भाग सांगेन. मध्ये दम लागला तर थांबेन, पाणी पिईन, पुन्हा ओरडेन. मला घाई नाही. गल्लीला ऐकू जाईल तर जाऊ द्या, नत्थूजींनाही बोलवा, मामीला चहा जास्त ठेवायला सांगा. सहा महिने मी दबक्या आवाजात बोलली, मामा. सगळा आवाज साठला आहे.

एलन जगते, एवढं आधीच लिहून ठेवते. बाकी तोंडानं.

अलका